पोलंडचं भूमिगत सैन्य शरणागतीच्या आधीच कसं उभं राहिलं?

पाऊलवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कामानिमित्त तीन महिने वॉर्सात आहे. राहतो तिथून ऑफिसला चालत जातो, वीस मिनिटं. या वीस मिनिटांत भिंतीत बसवलेल्या चार करड्या दगडी पाट्या लागतात. वर क्रूस, खाली तारीख आणि त्या जागी जर्मनांनी किती माणसं गोळ्या घालून मारली तो आकडा. बहुतेक पाट्यांखाली कोणीतरी लाल काचेतली मेणबत्ती ठेवलेली असते. कोण ठेवतं, अजून दिसलेलं नाही.

त्यामुळे वाचायला लागलो. उठावाबद्दल (१ ऑगस्ट १९४४, ६३ दिवस) थोडंफार माहीत होतं. पण एक गोष्ट डोक्यात अडकून बसलीय. वॉर्साने शरणागतीवर सही केली २८ सप्टेंबर १९३९ ला, आणि भूमिगत संघटना स्थापन झाली २६-२७ च्या रात्री. म्हणजे सैन्य अजून हरायचंय, सही व्हायचीय, आणि पुढच्या लढाईची संघटना तयार! जगात इतर ठिकाणी भूमिगत चळवळी रुजायला वर्ष-दोन वर्षं गेली. इथे शून्य दिवस? की उणे एक?

हे खरंच असं झालं, की नंतर रचलेली दंतकथा आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

गोदाकाठ

वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

जुनी_वही

दंतकथा नाही, पण वाटतं तितकं सरळही नाही. सविस्तर लिहितो.

आधी त्या आठवड्यातलं वॉर्सा बघा. २५ सप्टेंबरचा सोमवार सगळ्यात भयंकर बॉम्बफेकीचा, ‘काळा सोमवार’ म्हणतात त्याला. शहरात पाणी नाही, वीज नाही. रस्त्यात मेलेल्या घोड्यांचं मांस लोक चाकूने कापून नेतायत. पूर्वेकडून १७ तारखेलाच रशियन सैन्य घुसलेलं. राष्ट्राध्यक्ष आणि सरसेनापती मार्शल रिद्झ-श्मिग्वी दोघेही सीमा ओलांडून रुमानियात गेलेले आणि तिथे अडकलेले.

अशात २६ ला रुमानियाहून एक विमान या वेढ्यात येऊन उतरतं. त्यात मेजर एडमुंड गालिनात. सोबत मार्शलचा हुकूम: शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशात गुप्त संघटना उभी करा. हुकुमाप्रमाणे ती जबाबदारी खुद्द गालिनातकडे होती.

आता गंमत. वॉर्साचा बचाव सांभाळणारे जनरल युलियुश रुम्मेल यांना हे पटलं नाही. सगळ्या देशाची गुप्त संघटना आणि प्रमुख कोण, तर एक मेजर? त्यांच्या हाताशी जनरल मिखाऊ काराशेविच-तोकाझेव्हस्की होते. ते स्वतःहून म्हणाले, मी करतो. त्यांना अधिकार मिळाले आणि मेजरसाहेब मागे पडले. हे सगळं पीकेओ, म्हणजे पोस्टाच्या बचत बँकेच्या तळघरात घडलं. रुम्मेलचं मुख्यालय तिथेच होतं.

संघटनेचं नाव ‘स्वुझ्बा झ्वित्सेंस्त्वु पोल्स्की’, पोलंडच्या विजयाची सेवा. शरणागती दोन दिवसांवर आलेली आणि नावात ‘विजय’.

---

तिखटमीठ

थांबा थांबा. वॉर्साचा बचाव रोमेल करत होता? वाळवंटात जाण्याआधी पार्टटाइम का?

---

जुनी_वही

@तिखटमीठ, हा रुम्मेल, पोलिश. तो रोमेल, जर्मन. आणि त्या महिन्यात तो जर्मन रोमेलही पोलंडमध्येच होता, हिटलरच्या मुख्यालयाच्या बंदोबस्तावर. आता झोपा.

---

तिखटमीठ

दंडवत. झोप उडाली.

---

सह्यकडा

वहीकाकांनी घटना छान सांगितली, पण ‘उणे एक दिवस’ हे उत्तर मला चुकीचं वाटतं. माझ्या मते उत्तर उणे पंचाहत्तर वर्षं आहे.

पोलंड १७९५ ते १९१८, अशी १२३ वर्षं नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया यांनी वाटून खाल्ला होता. १८६३ च्या उठावात तर पोलिश लोकांनी अख्खं गुप्त सरकार चालवलं. त्याची खाती होती, करवसुली होती, टपाल होतं, शिक्का होता. रशियन राज्यपाल वॉर्सात बसलेला आणि त्याच वॉर्सात लोक गुप्त सरकारला कर भरतायत. त्याचा शेवटचा प्रमुख रोमुआल्द त्राउगुट याला ५ ऑगस्ट १८६४ ला जाहीर फाशी दिली.

पुढे पहिल्या महायुद्धात पिउसुद्स्कीने (नंतर स्वतंत्र पोलंडचा कर्ताधर्ता) आपली गुप्त लष्करी संघटना काढली. १९३९ चे जनरल, कर्नल बघा, बरेचसे तिशीच्या आत असताना याच गुप्त कामात किंवा पिउसुद्स्कीच्या लीजनमध्ये, म्हणजे स्वयंसेवक फौजेत होते. तोकाझेव्हस्की लीजनचेच. खोटं नाव, खोटे कागद, निरोप्या, सांकेतिक दार ठोठावणं हे या लोकांनी तरुणपणी केलेलं. मधली वीस वर्षं ते गणवेशात होते एवढंच.

आपल्याकडे कशी आजी लग्नातल्या ओव्या विसरत नाही, जात्यावर हात ठेवला की येतात, तसं काहीसं.

---

बाराखडी

सह्यकडा यांच्या मुद्द्याला जोडून, मास्तरीण म्हणून.

शिक्षणाचंही तेच. १८८० च्या दशकात रशियन वॉर्सात ‘फिरतं विद्यापीठ’ होतं. वर्ग लोकांच्या घरी, दर वेळी दुसऱ्या घरी, म्हणून फिरतं. मारी क्युरी आणि तिची बहीण तिथेच शिकल्या. जर्मन आले तेव्हा शिक्षकांना नवं काही शोधावं लागलं नाही. १९३९ च्या ऑक्टोबरमध्येच गुप्त शिक्षक संघटना उभी राहिली.

आणि गरज किती लवकर पडली बघा. ६ नोव्हेंबर १९३९. क्राकुवच्या यागिएलोनियन विद्यापीठातल्या प्राध्यापकांना जर्मनांनी निरोप दिला की शिक्षणाबाबतच्या जर्मन धोरणावर व्याख्यान आहे, या. हे लोक कोट-टाय घालून वेळेवर गेले, सभागृहात बसले. व्याख्यान दोन-चार वाक्यांचं झालं आणि १८३ जणांना तिथूनच उचललं. बरेच जण साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत गेले, म्हातारे तिथे थंडीने आणि हालांनी मेले. ही बातमी पसरल्यावर ‘आपण कायद्याने वागू, मग ते त्रास देणार नाहीत’ म्हणणारा उरेल का कोणी?

गुप्त वर्गांना तिकडे ‘कोम्प्लेती’ म्हणत. कोणाच्या तरी घरातली बैठकीची खोली, सहा-सात मुलं, टेबलावर पत्ते किंवा विणकाम मांडून ठेवायचं. बेल वाजली की वह्या खाली, पत्ते वर. मी सातवीला इतिहास शिकवते. वर्गात पन्नास मुलं आहेत, दार उघडं आहे, आणि लक्ष कोणाचंच नाही. :)

---

मी_मुंबईकर

बाराखडीताई, शेवटच्या वाक्यासाठी +१००.

---

काडीपेटी

सगळं भारी आहे हो. पण शेवटी मिळालं काय? १९४४ ला वॉर्सा जमीनदोस्त, पुढे पंचेचाळीस वर्षं रशियाचं जोखड. चेक लोक गप्प बसले, त्यांचं प्राग आज पर्यटक बघायला जातात. रोमँटिकपणा परवडतो का?

(काडी टाकली आहे. पळतो.)

---

पाऊलवाट

काडीपेटी, अहो प्रश्न उगमाचा आहे, तुम्ही थेट शेवटावर गेलात.

---

जुनी_वही

नाही, काडीपेटींचा प्रश्न उगमाशीच येऊन भिडतो. कारण हाच वाद १९४० च्या वसंतात भूमिगतांमध्ये आपसात झाला होता.

मेजर हेन्रिक दोब्झान्स्की, टोपणनाव ‘हुबाल’. घोडदळातला माणूस, नावाजलेला घोडेस्वार. सप्टेंबरात याने शस्त्र ठेवलंच नाही. गणवेश उतरवायला नकार, पथक घेऊन किएल्त्से भागातल्या जंगलात. स्वतःला भूमिगतही म्हणवत नव्हता. म्हणायचा की आम्ही पोलिश सैन्याचं पथक आहोत, युद्ध चालू आहे. थंडीभर खेड्यांतून हिंडला. लोक खायला घालत, पोरं भरती व्हायला येत. मार्च १९४० च्या शेवटी हुचिस्कापाशी त्याने जर्मन पोलिसांच्या तुकडीला चांगलाच मार दिला.

मग जर्मनांनी काय केलं? त्याला जेवू घालणारी गावं धरली. पुरुष बाहेर काढून मारले, घरं जाळली. त्या भागात सातशेच्या आसपास लोक गेले. एकट्या स्क्वोबी गावात दोनशेवर.

वॉर्साहून कर्नल रोवेत्स्कीचा, म्हणजे भूमिगत संघटनेच्या तिथल्या प्रमुखाचा, हुकूम आधीच गेला होता: पथक विसर्जित कर, माणसं पांगव. काहींनी मानला, हुबालने नाही. ३० एप्रिलला आनिएलिनजवळ तो मारला गेला. जर्मनांनी प्रेत कुठे पुरलं ते आजही कळलेलं नाही.

हुबाल चूक की बरोबर, यावर पोलंडमध्ये आजही दोन तट पडतात. पण भूमिगत सैन्याचं पुढचं धोरण यातून पक्कं झालं. उगाच गोळी झाडायची नाही. आधी माणसं जोडा, शपथ द्या, बातम्या काढा, छापखाने चालवा, शस्त्रं पुरून ठेवा. उठायचं ते एकदाच, वेळ आल्यावर. तेव्हा ‘रोमँटिक’ हा शिक्का सुरुवातीच्या काळाला तरी लागत नाही. उलट रोवेत्स्की कंटाळवाणा वाटावा इतका हिशेबी होता. रस्त्यांवरच्या लढाईवर त्याने १९२८ मध्येच पुस्तक लिहिलं होतं, आणि तरीही तो म्हणत होता थांबा.

---

काडीपेटी

मान्य. रोवेत्स्की आवडला. हुबालबद्दल विचार करतो. त्या स्क्वोबीच्या बायकांना विचारायला हवं, हीरो कोण ते.

---

रानजाई

काडीपेटी यांच्या पहिल्या प्रतिसादावर: ‘गप्प बसले असते तर’ हा पर्यायच पोलंडला नव्हता. फ्रान्समध्ये जर्मनांनी पेतँचं सरकार ठेवलं, नॉर्वेत क्विसलिंग मिळाला. पोलंडमध्ये त्यांना पोलिश सरकार नकोच होतं, कठपुतळीसुद्धा. पश्चिमेचा भाग सरळ जर्मनीत घातला, मधल्या भागावर गव्हर्नर म्हणून हान्स फ्रांक क्राकुवच्या राजवाड्यात बसवला. १९४० च्या फेब्रुवारीत याच फ्रांकने वार्ताहराला सांगितलं होतं, की प्रागमध्ये सात चेक मारले की लाल पोस्टर लावतात, मी दर सात पोलिश लोकांमागे पोस्टर लावायचं म्हटलं तर पोलंडची जंगलं कागदाला पुरणार नाहीत. फुशारकीने सांगत होता.

आणि मरायला भूमिगत असायची गरजही नव्हती. वावेर हे वॉर्साचं उपनगर. १९३९ चा नाताळ, २६ डिसेंबरची संध्याकाळ. एका दारूच्या गुत्त्यात दोन भुरट्या गुन्हेगारांनी दोन जर्मन अंमलदारांना मारलं. राजकारणाचा काही संबंध नाही. त्या रात्री जर्मनांनी गुत्त्याच्या मालकाला त्याच्याच दारावर फाशी दिलं आणि घराघरांतून झोपलेले पुरुष उठवून १०७ जणांना गोळ्या घातल्या.

पुढे भिंतींवर घोषणा रंगवणाऱ्या, जर्मन पाट्या काढणाऱ्या पोरांच्या गटाने आपलं नावच ‘वावेर’ ठेवलं. पाऊलवाट, तुम्हाला तिकडे गाड्यांच्या मागे पी आणि डब्ल्यू जोडून केलेलं, जहाजाच्या नांगरासारखं चिन्ह दिसत असेल. ते १९४२ मध्ये याच पोरांनी भिंतींवर काढायला सुरुवात केली.

---

पाऊलवाट

दिसतं! मला वाटलं बोटीच्या क्लबचा लोगो आहे. कलीगला तसं म्हणालोही. त्याने दोन सेकंद माझ्याकडे बघितलं आणि कॉफी प्यायला लागला. आता कळलं.

---

तिखटमीठ

😂😂 व्हिसा शिल्लक आहे ना?

---

वाघनखं_७२

हे सगळं वाचून आपलं साताऱ्याचं प्रतिसरकार आठवलं. न्यायदान, गुप्त पत्रकं, सगळं तेच. नाना पाटलांना मानाचा मुजरा.

---

सह्यकडा

मुजरा आहेच. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे भूमिगत लोक कायदेशीर सरकारच्या विरोधात होते. पोलंडमध्ये भूमिगत हेच कायदेशीर सरकारचं अंग होतं, निदान त्यांच्या लेखी. आणि त्यामागे एक कायद्याची गंमत आहे.

पोलंडची १९३५ ची घटना हुकूमशाही वळणाची. पिउसुद्स्कीच्या गटाने विरोधकांना दाबायला केलेली. तिच्यात एक कलम होतं, की युद्धकाळात राष्ट्राध्यक्ष आपला वारस स्वतः नेमू शकतो. रुमानियात अडकलेल्या राष्ट्राध्यक्षांनी तेच कलम वापरून पॅरिसमध्ये असलेल्या राच्क्येविच यांना नेमलं. ३० सप्टेंबरला शपथविधी, त्याच दिवशी जनरल सिकोर्स्की पंतप्रधान. आणि सिकोर्स्की त्या घटनेचे आणि तो गट चालवणाऱ्यांचे पक्के विरोधक! विरोधकांना दाबायला केलेल्या कलमावर विरोधकच सत्तेत आले. देश गेला, राज्य गेलं नाही.

त्यामुळे तोकाझेव्हस्कीच्या माणसांना मनात कुठेही ‘आपण बंडखोर’ असं वाटत नव्हतं. आपण सरकारी नोकर आहोत, सरकार सध्या फ्रान्समध्ये आहे, असा सगळा कारभार.

---

चौकट_राजा

मग भांडणं नव्हती म्हणायची? पोलिश लोकांचं असं कसं होईल.

---

सह्यकडा

भाऊबंदकी पहिल्या महिन्यापासून! सिकोर्स्कीला तोकाझेव्हस्कीची संघटना जुन्या गटाची वाटली. १३ नोव्हेंबर १९३९ ला त्याने पॅरिसहून ती मोडीत काढली आणि नवी केली, ‘सशस्त्र संघर्ष संघ’. प्रमुख पॅरिसमध्ये, जनरल सोस्न्कोव्हस्की. पॅरिसमधून वॉर्सा चालवायचं, म्हणजे निरोप्या हंगेरीतून, स्लोव्हाकियातून, तात्रा पर्वतातल्या बर्फातून चालत जाणार.

आणि तोकाझेव्हस्कीला कुठे पाठवलं? रशियनांच्या ताब्यातल्या ल्वुवला. जिथे १९१८ मध्ये शहर सोडवणाऱ्या फौजेचा प्रमुख हाच होता, जिथे युद्धाआधी हा लष्करी विभागाचा मुख्य होता, जिथे याला पानवालाही ओळखेल! बदली होती की शिक्षा, तुम्हीच ठरवा. त्याने निमूट हुकूम मानला. मार्च १९४० मध्ये सीमा ओलांडताना खोट्या नावावर रशियनांच्या हाती सापडला.

ल्वुवमध्ये तोवर अशी अवस्था होती की संघाच्या दोन समांतर शाखा एकमेकींशी भांडत होत्या आणि दोन्हींत रशियन गुप्त पोलिसांची माणसं बसलेली होती.

---

कोल्हापुरी_ठसका

आता आमची पाळी. हा धागा वाचत होतो आणि ल्वुव आलं म्हणून लिहितोय.

आमचे आजोबा वळिवड्याला दूध घालायचे. पोलंडवाल्यांच्या कॅम्पात. १९४३ ते ४८, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. आजोबा सांगायचे, बाया स्वतः भांडं घेऊन दारात उभ्या, मापात एक थेंब कमी चालायचा नाही, आणि मराठीतले आकडे त्यांना आजोबांपेक्षा चांगले यायचे. कॅम्प गेला, तिथं नंतर सिंधी निर्वासित आले, आज ते गांधीनगर. कापड घ्यायला सगळा जिल्हा जातो तिथं. महावीर गार्डनमध्ये पोलंडवाल्यांनी उभा केलेला स्मृतिस्तंभ आहे, कोल्हापूरकर त्याच्या सावलीत भेळ खातात.

मुद्दा हा. ही माणसं जर्मनांपासून पळालेली असं लोक समजतात. तसं नव्हे. ही पूर्व पोलंडची, रशियनांनी १९४० मध्ये मध्यरात्री उठवून मालगाडीत घालून सायबेरियाला नेलेली. जर्मनांनी पश्चिमेला जे गोळ्यांनी केलं, ते रशियनांनी पूर्वेला रेल्वेनं केलं. फेब्रुवारी १९४० पहिली खेप. एप्रिलमध्ये ज्यांचे नवरे-बाप पकडले गेले होते त्यांची कुटुंबं. भूमिगत चळवळीला जी माती लागते, ओळखीपाळखी, गोतावळा, शिक्षक, फौजदार, वनखात्यातली माणसं, तीच उचलून नेली. तिकडं संघटना का रुजली नाही याचं उत्तर आमच्या वळिवड्यात पाच वर्षं राहात होतं.

---

बाराखडी

ठसकादादा, हा प्रतिसाद काळजाला लागला. गांधीनगरला शेकडो वेळा गेलेय, साड्यांपलीकडे बघितलं नाही.

---

जुनी_वही

उत्तम मुद्दा. आणि वर्तुळ पूर्ण करायचं तर, हिटलर रशियावर उलटल्यावर, १९४१ च्या जुलैत, सिकोर्स्कीचा स्टालिनशी करार झाला, पोलिश कैदी सुटले. त्यांत तोकाझेव्हस्कीही. तो आंडर्सच्या सैन्यात, म्हणजे सुटलेल्या पोलिश कैद्यांच्या रशियातल्या फौजेत गेला आणि इराणमार्गे बाहेर पडला. वळिवड्याची माणसंही त्याच सैन्याच्या आडोशाने इराणमार्गे बाहेर पडली. भूमिगत सैन्य ज्याने काढलं तो आणि आजोबांकडून दूध घेणाऱ्या त्या बाया एकाच वाटेने आल्या.

सुटायला जे जिवंत उरलेच नव्हते ते वेगळेच. मार्च १९४० मध्येच स्टालिनच्या पॉलिट ब्युरोने पोलिश अधिकाऱ्यांना मारायचा ठराव केला होता. कातिन आणि इतर ठिकाणी मिळून सुमारे २२ हजार.

---

उंबरठा

अवांतर आहे, पण राहवत नाही. तोकाझेव्हस्की हे थिऑसॉफिस्ट होते! अड्यारवाली थिऑसॉफी, ॲनी बेझंटवाली. त्या पंथाला जवळच्या लिबरल कॅथलिक चर्चचे ते पुरोहितही होते. बॉम्ब पडतायत, तळघरात गुप्त सेनेची शपथ चाललीय, आणि शपथ देणारा जनरल पुनर्जन्म मानणारा.

आणि पोलंडमधली थिऑसॉफिकल सोसायटी उभारण्यात पुढे होत्या त्या वांदा दिनोव्हस्का १९३५ मध्ये भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. गांधीजी त्यांना उमादेवी म्हणत. त्यांनी गीता पोलिशमध्ये नेली, शेवट म्हैसूरला झाला, १९७१ मध्ये.

---

तिखटमीठ

म्हणजे धाग्याचा पुनर्जन्म झाला. पॉपकॉर्न संपले, कांदेपोहे आणतो.

---

मी_मुंबईकर

उंबरठा, हे खरं आहे?? पुढचा धागा यावर काढाच. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

रानजाई

एक गोष्ट राहून जातेय. सगळे पुरुषच येतायत चर्चेत. संघटना चालली ती निरोप पोचवणाऱ्या बायकांवर. कागद ब्रेडमध्ये, चपलेच्या टाचेत, बाळाच्या दुपट्यात. १९३९ च्या ऑक्टोबरपासून भूमिगत सैन्याचा महिला विभाग मारिया विट्टेक यांच्याकडे होता. १९९१ मध्ये त्या पोलंडच्या पहिल्या महिला जनरल झाल्या. तेव्हा वय ९१.

---

निंबोणी

आणि ज्यू? तीस लाखांवर ज्यू लोकसंख्येचा देश होता तो. या ‘राज्यात’ ते होते का? की गौरवगाथेत हा प्रश्न विचारायचा नसतो?

---

सह्यकडा

विचारायलाच हवा. उत्तर सुखाचं नाही.

यान कार्स्की हा निरोप्या १९४० च्या फेब्रुवारीत फ्रान्समध्ये सरकारकडे पोचला. अहवालात त्याने स्पष्ट लिहिलं, की ज्यूंचा द्वेष हा एक अरुंद पूल आहे, ज्यावर जर्मन आणि पोलिश समाजाचा मोठा भाग एकमेकांना भेटतात. त्या अहवालातल्या या भागाची सौम्य आवृत्तीही तयार केली गेली, दोस्तांना दाखवायला वाईट दिसेल म्हणून. भूमिगत राज्यात ज्यूंना मदत करणारी ‘झेगोता’ समिती झाली ती १९४२ च्या शेवटी, तोवर वॉर्सा घेट्टोतले, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतले, बहुसंख्य लोक त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत पोचले होते. वैयक्तिक पातळीवर जीव धोक्यात घालणारे हजारो होते, पैसे उकळून पकडून देणारेही होते.

याच कार्स्कीला जून १९४० मध्ये दुसऱ्या खेपेला स्लोव्हाकियात पकडलं. छळ सोसवेना म्हणून त्याने मनगटं कापली. नोवी सॉन्चच्या इस्पितळातून भूमिगतांनी त्याला पळवून नेलं. बदल्यात जर्मनांनी ३२ जणांना गोळ्या घातल्या.

---

निंबोणी

धन्यवाद, टाळलं नाहीत म्हणून.

---

चौकट_राजा

कम्युनिस्ट कुठे होते हो उगमात? शाळेत आम्हाला वाटायचं प्रतिकार म्हणजे लाल बावटाच.

---

जुनी_वही

उगमात नव्हते. १९३९ ते ४१ मॉस्को जर्मनीची भागीदार होती. पोलिश कम्युनिस्ट पक्ष तर स्टालिननेच १९३८ मध्ये बरखास्त करून नेते मारले होते. नवा पक्ष आला तो जानेवारी १९४२ मध्ये. उगमात होते ते समाजवादी, शेतकरी पक्षवाले, राष्ट्रवादी. समाजवादी न्येजाउकोव्हस्की आणि शेतकरी पक्षाचे मात्सेय रातय हे दोघे सुरुवातीलाच तोकाझेव्हस्कीसोबत आले. दोघांनाही २१ जून १९४० ला वॉर्साजवळच्या पाल्मिरीच्या जंगलात मारलं.

---

पाऊलवाट

मंडळी, तीन दिवस इथे लिहिता आलं नाही, पण सगळं वाचत होतो. शनिवारी ती पीकेओची इमारत शोधायला गेलो. श्व्येंतोक्शिस्का रस्ता, मेट्रो स्टेशन जवळच. खाली उतरायला मिळालं नाही अर्थात. समोर एक आजोबा बाकावर बसून सॅंडविच खात होते, मी मान वर करून फोटो काढतोय हे बघून म्हणाले, काय शोधतोस? मोडक्या पोलिशमध्ये सांगितलं, तळघर. त्यांनी हसून सगळ्या रस्त्याकडे हात केला. त्यांचं म्हणणं माझ्या कलीगने नंतर फोनवर समजावलं: ‘इथे सगळंच तळघर होतं.’

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. हुकूम उणे एक दिवसाचा, सवय पंचाहत्तर वर्षांची (सह्यकडा), आणि गरज निर्माण केली ती क्राकुव आणि वावेरने (बाराखडी, रानजाई). माझी स्वतःची एक भर. मी या संघटनेच्या जन्माची कल्पना करताना बंदुका आणि मशाली बघत होतो. प्रत्यक्षात तिथे कोण प्रमुख होणार यावरून मेजर आणि जनरल यांच्यात रुसवाफुगवी चालली होती, आणि शरणागतीवर सही अजून व्हायचीच होती. ही रुसवाफुगवी वाचल्यावर मला ती गोष्ट खरी वाटायला लागली.

गालिनातचं पुढे काय झालं कोणाला माहीत आहे का? बिचारा विमानातून आला, आणि मग चर्चेतून गेलाच.

---

तिखटमीठ

कुठल्याही ऑफिसात विचारा. प्रोजेक्ट आणणारा आणि प्रोजेक्ट मिळणारा वेगळा असतो.

---

कोल्हापुरी_ठसका

पाऊलवाटराव, परत आलात की कोल्हापूरला या. महावीर गार्डन दाखवतो. भेळ माझ्याकडून. आणि येताना त्या लाल काचेतल्या मेणबत्त्या मिळतात त्या दोन आणा, स्तंभापाशी ठेवू.

---

पाऊलवाट

आणतो. केबिन बॅगेत चालतील ना?